पिवळी बोटं

नुंगंबाक्कम, चेन्नई
१६ सप्टेंबर २०२४

चि. विद्युलता हिस राजसआत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि ही गोष्ट निम्मी ऐकण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. परवा अमोघची आई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई शर्मिष्ठाबाई, येऊन गेल्या. गेल्या खेपेला तुला कुंकू लावताना त्यांनी सहज विचारलं होतं, बोटांची हळद जात नाही का? तू सरळ सांगून मोकळी झालीस की हळद नव्हे, कारखान्यातलं ॲसिड आहे. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. अणूचं विष तुझ्या अंगात भिनलंय आणि ते नातवंडांत उतरेल, म्हणतात. नोकरी सोड, नाहीतर लग्न मोडलं, असा निरोप आहे.

तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं. आपल्या तंजावरी मराठी घरांतलं शिकलेलं स्थळ शोधताना माझ्या चपला झिजल्या. नोकरी दुसरीही मिळेल. निदान नवरात्रात अष्टमीच्या नैवेद्याला ते येतील तेव्हा हातांना दाट हळद लावून ये. सणाच्या घरात कोण बघतंय?

रागावू नकोस. जेवत जा.

तुझी
राजसआत्या

कारखान्याची वसाहत
२२ सप्टेंबर २०२४

ती. राजसआत्या हिस कृ. शि. सा. न. वि. वि.

हळद लावणार नाही. चोरी केल्यासारखे हात का लपवू?

ते ॲसिड साधं नायट्रिक ॲसिड. नव्या बाटलीतलं, अणूचा वारा न लागलेलं. फाटक्या हातमोज्यातून बोटांवर आलं. त्याने कातडी पिवळी होते आणि नवी कातडी आली की डाग जातो. संपली गोष्ट.

माझं काम तरी ऐक. अणुभट्टीतून वापरून निघालेल्या इंधनाच्या कांड्या त्याच ॲसिडात विरघळवतात. मग त्यात एक खास तेल घालून घुसळतात, तू ताक घुसळतेस तसं. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात येतात, बाकीचं जहाल द्रव्य बहुतेक खालच्या ॲसिडात राहतं. पुढे पातळ ॲसिडाने धुतलं की युरेनियम तेलातून परत उतरतं. लोक ज्याला राख समजून टाकून देतील, त्यातून पुन्हा इंधन होतं, आणि ते नीट वेगळं झालं की नाही हे मी तपासते. बाहेर पडताना कपडे-जोडे बदलून, किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राला हातपाय दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. तुझं सोवळं एखादे वेळी ढिलं पडेल, आमचं पडत नाही!

अमोघलाही विचारलं. आई म्हणेल तसं, म्हणाला. मला तो आवडतो गं, म्हणून जास्तच लागलं. पण नोकरी सोडणार नाही. तसं त्यांना कळव.

लोभ आहेच, या वेळी रागासकट असू दे.

तुझी
विद्युलता

नुंगंबाक्कम, चेन्नई
३० सप्टेंबर २०२४

चि. विद्युलता हिस आशीर्वाद, आणि थोडी शाबासकी.

काल शर्मिष्ठाबाई अमोघला घेऊन उत्तर मागायला आल्या. तू लिहिलेलं जमेल तसं सांगितलं. ताकाचं सांगताना वरचं तेल मी खाली ठेवलं असणार, पण त्यांना कुठे कळतंय! त्या म्हणाल्या, एवढं शिकून पोरीला हट्टच तेवढा आला. मग मी अमोघला विचारलं की तुझं काय म्हणणं. तो आईकडे बघत राहिला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. सांगितलं, मुलगी नोकरी सोडणार नाही, तेव्हा तुम्हीच मुलगी सोडा. लग्न ठरताना त्यांनी दिलेली साडी आणून पुढ्यात ठेवली. ते गेल्यावर खूप रडले. अजूनही वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू?

इतकी वर्षं अष्टमीचं पुरण मी कुणाला शिवू दिलं नाही, तुलासुद्धा नाही. यंदा ते पाट्यावर तू वाटायचंस. बोलावणं सगळ्यांना गेलंय, शर्मिष्ठाबाईंनाही. ज्याला जेवायचं नसेल त्याने खुशाल उपाशी जावं. देवी जेवेल, मी जेवेन.

तुझीच
राजसआत्या