लाल दिवा लागू न देण्याची युक्ती

सोमवार, ४
आजपासून शिस्त. कंपनीत पाच दिवसांचं ट्रेनिंग. एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याला समजेल असा करून पोचवायचा, याला मेसेज फ्लो म्हणतात. पास झालो की गोदामातून ऑफिसात. गोदामात तीन वर्षं मी दुसरं काय केलं? दुकानाची चिठ्ठी वाचायची, मुकादमाला ओरडून सांगायची. शाळा आठवीत सुटली हे कोणी विचारलं नाही, मीही आगाऊपणा केला नाही.
ताईला फोनवर सांगितलं, बदली झाली. शुक्रवारी होणारच आहे.

मंगळवार, ५
पुस्तक इंग्रजीत. चित्रं समजली. चौकोन, तार, चौकोन. उद्या पहाटे उठून अभ्यास.
ताई म्हणाली, अण्णांनी किती वर्षांनी पोराचं नाव काढलं. ऑफिसच्या टेबलाशी बसलेला फोटो दाखवा, मग खरं मानीन म्हणाले.

बुधवार, ६
उठलो नाही. मेंदूला झोप लागते.
शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, निरोप अडकला तर वेगळ्या रांगेत टाका, लाल दिवा लागेल, माणूस येऊन बघेल. शेजारच्या चष्मेवाल्याने लिहून घेतलं. मी नाही. आपलं अडकलेलं चारचौघांना कशाला दाखवायचं?

गुरुवार, ७. दुपारी ३
युक्ती सापडली. अडकलेल्या निरोपाची तार परत सुरुवातीलाच जोडली. अडकला की पुन्हा निघतो. लाल दिवा एकदाही नाही. चष्मेवाल्याचे तीन. कीव आली.

शुक्रवार, ८. सकाळी १०
माझा फ्लो खऱ्या गोदामाला जोडला. ऑर्डर, एक टेबल. गोदामात चिठ्ठी छापायची, मग दुकानाला पोच द्यायची. दिवा हिरवा. बाई खुशीत चहाला गेल्या. फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट घातलाय.

११.४०
मुकादमाचा फोन. अजून किती टेबलं काढू, विचारतो.
दुकानाची पोच अडकत होती म्हणे. निरोप परत सुरुवातीला, दर फेरीला नवी चिठ्ठी. चिठ्ठ्या तीनशे बारा, बाहेर काढलेली जादा टेबलं शहाऐंशी. मुकादम चिठ्ठीवर शंका घेत नाही. ही सवय त्याला मीच लावली.
बाई ओरडल्या नाहीत. नुसतं माझं नाव यादीतून काढलं.

शनिवार, ९
गोदाम. टेबलं परत आत. मुकादम म्हणाला, या साहेब, तुमचंच फर्निचर.
एकोणपन्नास झाल्यावर पन्नासाव्याशी बसलो, इस्त्रीचा शर्ट चढवला, त्याच्याकडून फोटो काढून घेतला. जवळून काढ म्हटलं, मागची टेबलं नकोत. ताईला पाठवला.

४.१५
ताईचा फोन. अण्णांनी फोटो नीट पाहिला. विचारतात, हातमोजे घालून लिहितोस का?
सदतीस राहिलीत.