शकूच्या दाढेचा बंदोबस्त

९ मार्च १९६९, भिवपुरी
भाची शकूची दाढ ठणकतेय. गाल टम्म. कालपासून पाण्यालाही तोंड लावत नाही. पोर आठ वर्षांची, पण बोलत नाही. समज तान्ह्या पोरापेक्षा थोडी पुढची. मागे सुई बघून कंपाउंडरला चावली होती. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, सुई नको, गुंगीचं औषध पाजू, झोपेत दाढ काढू; पण उशीर नको, पू पसरतोय. शकूची आई, माझी अक्का, रडायला लागली. म्हटलं, मी आहे ना! माथेरानला बिथरलेला घोडा मी नुसता बोलून शांत केला होता. (नंतर चावला, ते सोडा.)

१० मार्च
प्लॅन तयार. औषध कडू, तेव्हा कोकम सरबतातून. शकूला माझा भारी लळा. जेवताना पहिला घास माझ्या तोंडात, मग स्वतःच्या. माझा शब्द मोडायची नाही.
निश्चय: उद्या एकदम शांत राहायचं.

११ मार्च, पहाटे
झोप नाही. ओटीवर फेऱ्या. अक्का म्हणाली, "बस ना रं हिरामणा! तुला बगून पोर बावरली हाय." बायका उगाच घाबरतात.

तोच दिवस, दवाखाना
अक्का पाजणार होती, मी ग्लास काढून घेतला. हे टेक्निकचं काम. शकूला सांगितलं, भिऊ नको. पुन्हा सांगितलं. टाळ्या वाजवल्या. घोडा झालो. ती कोपऱ्यात. डॉक्टर म्हणाले, जरा दमानं. शेवटी तिनं ग्लास घेतला! आणि माझ्या तोंडाला लावला. घोटभर घेतलं. ती ग्लास सोडेना. आणखी घेतलं. संपला. हरकत नाही, आपली प्रकृती दणकट. आता दुसऱ्या ग्लासाचं अस

१२ मार्च
अक्कानं सांगितलं ते लिहितो. मी बाकावर घोरायला लागलो. खोलीत एकदम शांत झालं. मग शकू कोपऱ्यातून उठली, शेजारी बसून मला थोपटत राहिली. अक्कानं दुसरा डोस गुपचूप पुढे केला. मामानं आधी घेतलेलाच होता. शकू प्यायली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दाढ तिथंच निघाली. म्हणजे तसा मी हजर होतोच.
डॉक्टर अक्काला म्हणाले, पुढच्या खेपेला आधी मामाला पाजू, अर्धं काम होईल. मला फार लागलं ते.
संध्याकाळी शकू मऊ भात जेवली. पहिला घास माझ्या तोंडात. सांगायला खूप होतं, डोळे भरून आले होते.
घास गिळला आणि गप्प बसलो.