आप्पांच्या नावाचा कागद

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यावर तुमच्याशी भांडायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल हवेच्या पाहणीतला तुमच्या नावाचा कागद घरी आला आणि राहवलं नाही. वर हिरवा शिक्का. लोट्याला रसायनांच्या कंपनीत पाळीच्या तासांत तुम्ही घेतलेली हवा म्हणे चांगली होती!

चांगली? मग बसमधून उतरून घाटी चढताना तीनदा खाली कोण बसायचं? तुमचे कामाचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी न्हाणीभर वास सुटायचा. विडीला तर तुम्ही जन्मात हात लावला नाहीत.

कागद द्यायला पाहणीच्या मॅडम स्वतः आल्या. तुमच्या फोटोला नमस्कार केला, चहा घेतला आणि सहज म्हणाल्या, कामावरची हवा ठीक दिसते, म्हणजे काकांचा दमा घरातल्या चुलीनेच वाढला असणार. त्यांची गाडी गेल्यावर आईने उठून चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

"माझ्या चुलीनं मारलं गो त्यांना," एवढंच म्हणाली. कालपासून तिच्या पोटात घास नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आणि फास माझ्या हातचा. पाहणीच्या कामावर मीच होते ना? ते हवा मोजायचं काडेपेटीएवढं मशीन मीच तुमच्या गळ्यात घातलं. आठ दिवस अंगावर ठेवायचं, एवढंच तर होतं. आज आईकडून कळलं, तुम्ही रोज कामाला निघताना ते काढून मागच्या पडवीत खुंटीला लावायचात आणि मी यायच्या आत परत घालून बसायचात. तिने हटकलं तर म्हणालात, "परक्याची वस्तू. कंपनीत खराब झाली तर बोलणी सुमनला बसतील."

काय म्हणू तुम्हाला? मागून आणलेली कोयती धार लावून परत देणारे तुम्ही! मशीन जपलंत, छाती नाही जपलीत. एका शब्दाने मला विचारायचं होतंत.

मी तरी कुठे विचारलं? दिवसभर घातलं होतं का, हे रोज विचारून मगच कागदावर टीक करायची, असा नियम होता. इतरांच्या घरी खोदून खोदून विचारत होते. बापाला काय विचारायचं, म्हणून तुमच्या आठही टिका मी तशाच मारल्या.

दुपारी रागाने पडवीत जाऊन बसले. खुंटीच्या खाली, हातभर अंतरावर, आईची चूल. तुम्ही कंपनीत असताना ती तिथेच पाणी तापवायची, भात शिजवायची. पडवी तीन बाजूंनी उघडी, धूर वर माडांत निघून जातो. कळतंय का आप्पा? ती चांगली हवा कंपनीची नव्हेच. ती आईच्या चुलीजवळची आहे.

हे पत्र संपवून मी आईपाशी जाणार आणि तिला सगळं सांगणार, माझ्या टिकांसकट. मग तेच मॅडमना सहीनिशी लिहून देईन. काम गेलं तर जाऊ दे. आईवर हा आळ राहू देणार नाही, हा माझा शब्द. तुम्ही मात्र छातीत काय भरून आणत होतात, ते कोणीच मोजलं नाही. मीसुद्धा नाही.

तुमची,
सुमन