आदल्या दिवशीचं आवतण

हरिहरेश्वर,
२६ सप्टेंबर २००४

तीर्थरूप आईस,
वैतागलेल्या समाधानचा नमस्कार. आम्ही तिघं सुखरूप पोचलो. अमोल, तू शेजारीच आहेस, हे तिला वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

आई, जन्मात एकदा समुद्र बघायचाय, हे तूच म्हणाली होतीस. म्हणून ही टाइमशेअरची मेंबरशिप घेतली. वर्षाला हक्काचे सात दिवस, पण आपण मागू त्या तारखा कायम फुल्ल! मग कुणीतरी बुकिंग रद्द करतं आणि शुक्रवारी सकाळी फोन येतो, शनिवारी खोली रिकामी आहे, येताय का? मनीषा लगेच बॅगा भरते. आणि तू काय म्हणतेस? "आदल्या दिवशी आवतण देतात ते पंगतीला माणसं कमी पडली म्हणून. मी नाय यायची." ही चौथी वेळ!

खोली चौघांची आहे. तुझ्या पलंगावर आमचे ओले टॉवेल पडलेत. सृष्टी विचारून विचारून डोकं खाते, आजी का नाही आली?

गुडघ्याला तेल लावतेस ना? झेंडू तोडायला बाया मिळाल्या का?

काल इथल्या ऑफिसात तासभर भांडलो आणि बारा फेब्रुवारीची खोली लेखी घेतली. तोवर शेवंतीही संपते, त्यामुळे मळ्याची सबब चालणार नाही.

साडेचार महिने आधी सांगतोय. पाकिटात अक्षता आहेत, मनीषाने आज सकाळी कुंकू लावून केल्यात. यापेक्षा रीतसर आवतण मला येत नाही.

हट्टात तुझ्यावरच गेलेला,
समाधान