डी ड्राइव्हमधली फाईल

आश्रमशाळा, पेठ. रविवार

प्रिय किशोर,

कॉम्प्युटरच्या डब्याचा चौथा स्क्रू गंजला होता. गोडेतेल लावून सुरीच्या टोकाने फिरवला तेव्हा कुठे पत्रा सुटला, आणि आतून वास आला. पॉवर सप्लायला चिकटून एक पाल वाळली होती. पंख्यावर केसांचा आणि धुळीचा बोळा, कोपऱ्यात झुरळांची अंडी. आमच्या स्वयंपाकीण ठमाबाई सुरी परत न्यायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. पदर नाकाला लावून म्हणाल्या, सर, हे नवीन हाय ना? मग पालबी कंपनीतूनच आली का काय? सुरी त्यांनी परत घेतली नाही.

तू मागच्या महिन्यात आमच्या आश्रमशाळेला आठ कॉम्प्युटर दिलेस. कागदावर पुरवठादार तू आणि ताब्यात घेणारा शिक्षक मी. खोकी अजून टेम्पोतच होती आणि तुझा फोन आला. सही करून टाक रे सम्या, मी काय परका आहे का? मी केली. ‘नवीन व सुस्थितीत मिळाले.’ तेव्हापासून नववीच्या मुली रोज विचारतात, सर, लॅब कधी उघडणार? आठातलं एकही यंत्र धड सुरू होत नाही. पेन ड्राइव्ह ओळखत नाही, सीडीच्या जागी नुसतं झाकण. म्हणून आज ठरवलं, एकाची हार्ड डिस्क काढायची, केबलने माझ्या लॅपटॉपला जोडायची, लिनक्स या फुकट सिस्टीमची इमेज तिच्यावरच ठेवायची आणि तिथूनच सिस्टीम बसवायची. सबंध सीडी एका फाईलमध्ये. आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तू पोरांना सांगायचास, जेवणासकट डबा.

डिस्क जोडली. डी ड्राइव्हमध्ये, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या भागात, इमेज आधीच होती. फोल्डरचं नाव ‘समाधान, पुसू नये’. तारीख जून २०१६.

सातपूरच्या आपल्या क्लासमध्ये ती नेटवरून उतरवायला मला दोन दिवस लागले होते. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. फुकटातलं शिकायला कोण येणार, असं म्हणत तू माझी टर उडवलीस, पण रविवार असून माझ्यासोबत बसून राहिलास. तो रविवार मी इतकी वर्षं जपला. आज त्याच्यावरही बोटाला चिकटतो तसा मळ दिसतो.

यंत्रावरचं चकचकीत स्टिकर नखाने उचकटलं. खाली आपल्या क्लासचं स्टिकर, नंबर चार. बाकीच्या सातांचीही उचकटली. एक ते आठ सगळे आहेत. क्लास बंद केला तेव्हा सगळं भंगारात घातलं, असं तू मला सांगितलं होतंस. म्हणजे ती यंत्रं विंचूरला तुझ्या गोडाऊनात पडून होती; टेम्पो तिथूनच तर आला होता. कीबोर्ड उलटा आपटला तर गुटख्याच्या पुडीचा कपटा आणि कुणाची तरी नखं पडली. तूही असाच नखं कुरतडायचास. मी दोनदा हात धुतले.

पण सगळी किळस तुझी नाही. खोकी नवी नव्हती, टेपही जुनी होती, आणि मला ते दिसलं होतं. मित्राला संकोच वाटू नये म्हणून मी पाहिलं नाही, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला कटकट नको होती.

एक सोय होती. लॅपटॉपमधली नवी इमेज सी ड्राइव्हवर टाकायची आणि डी पुसून तिथे लिनक्स बसवायचं. फोल्डर जाईल, तारीख जाईल, खालची स्टिकरंही उचकटता येतील. मुलींना लॅब मिळेल आणि तुझं-माझं कुणाला कळणार नाही. चहा गार होईपर्यंत मी ह्या सोयीकडे पाहत बसलो. मग डिस्क परत आत बसवून तुझ्या-माझ्या जुन्या इमेजवरूनच यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर चार ओळी लिहिल्या, फाईल कुठे आहे ते सांगितलं, आणि ते उठलं. सिस्टीम सी ड्राइव्हवर बसवली. ज्या भागातून काम चालू आहे तो भाग इन्स्टॉलरला पुसता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. डी ड्राइव्ह शाबूत राहिला.

हे पत्र माफी मागायला नाही, शिव्या द्यायलाही नाही. संस्थेकडे द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. खोटी सही केली म्हणून त्यात पहिलं नाव माझं आहे. दुसरं तुझं. जोडपत्रात स्टिकरांचे फोटो आणि त्या फोल्डरचा. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, इतकंच. तेवढं मी त्या रविवारचं देणं लागतो.

एके काळी तुझाच होतो,
समाधान

ता. क. सोमवार. सकाळी साडेदहाला अर्ज दिला. मुख्याध्यापिका ललिताबाईंनी तो दोनदा वाचला. सर, स्वतःचं नाव वर कशाला, म्हणाल्या. मग शिक्का मारला. नंबर चार पहिल्या झटक्यात सुरू झाला. नववीच्या मुलींनी ओळीने त्यावर आपापली नावं लिहिली. ठमाबाई सुरी घासून घेऊन गेल्या.