आवाजाची रेघ

१८ जाने. ९८, राहाता
घरच्या कॉम्प्युटरवर आवाजाचा प्रोग्राम चालला एकदाचा. माइकमध्ये बोललं की पडद्यावर रेघ उठते. पण उशिरा. सुजाने "आ" केलं, तोंड मिटलं, कंटाळून खिडकीकडे पाहिलं, तेव्हा कुठे रेघ हलली. आमची सहा वर्षांची पोर, जन्मापासून ऐकू येत नाही. आपल्यामुळे रेघ हलते हे तिला कळणार कसं? मंदा म्हणाली, "तिला वाटतंय टीव्हीसारखं आपोआप चाललंय." खरं आहे.

२० जाने.
कॉलेजात प्रॅक्टिकल संपल्यावर मशीन दुरुस्तीवाल्या शेखला विचारलं. "चित्राचं कार्ड जुनं हाय सर. नवं टाका, पळंल." नवं आत्ता जमणार नाही.

२३ जाने.
मशीनवरचं लिनक्स सुरू होताना पडद्यावर नुसती अक्षरं असतात, तोवर मशीन झरझर चालतं. मग पडद्यावरच्या खिडक्या, मागचं रंगीत चित्र, कोपऱ्यातलं घड्याळ आलं की मलूल. म्हणजे आवाज वेळेवर पोचतोय, चित्र काढण्यातच दम जातोय. मग खिडक्या हव्यात कशाला?

२५ जाने., रवि.
दुपारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली, मशीनला ओळीने द्यायच्या हुकमांची यादी. रंग २५६ वर आणायचे, खिडक्यांचा कारभार सुरूच करायचा नाही, थेट आवाजाचा प्रोग्राम. बाकी सगळं बंद. इलाज नव्हे, पळवाट.
आधी नुसता काळा पडदा. आई दारातून, "बिघडवलंस का रं?" स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचं नावच चुकीचं लिहिलं होतं.
दुरुस्त करून सुजाला मांडीवर घेतलं. "आ." रेघ उठली. तोंड मिटलं, रेघ आडवी झाली. पुन्हा "आ". पुन्हा मिटलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.
लिहिताना अजून… असो.

२६ जाने.
झेंडावंदन करून आलो तर सुजा आजीच्या तोंडापुढे माइक धरून. आई लाजत, "आता काय बोलू मी हिच्यापुढं?" एवढ्यानेच रेघ उठली. सुजा हसली. मग वायर पोचेल तिथवर तपासणी. भिंत: काही नाही. उशी: काही नाही. ताटावर चमचा: रेघ. चमचा सोडवत नाही. मंदा वैतागली, पण काढून घेतला नाही.

३१ जाने.
सुजाच्या शाळेतल्या बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "रेघ आवाज दाखवते, शब्द नाही. 'आ' आणि 'ई' तिला सारखेच दिसणार."
"म्हणजे उपयोग नाही?"
"असं कुठं म्हणाले? आवाज कधी काढायचा, किती मोठा, हे तरी कळेल. फ्लॉपीवर द्या मला. आमचं मशीन तुमच्याहून जुनं आहे."
 शब्दांची आशा मंदानेही धरली होती.

५ फेब्रु.
शाळेत गेलो. तिथे २५६ रंगही जड. १६ वर आणले. जरा मागे राहते रेघ, पण मुलं रांग लावून.

८ फेब्रु., रवि.
सकाळपासून लाइट नाही. मशीन बंद. मंदा अंगणात कपडे वाळत घालत होती, पाठमोरी. सुजा दारात येऊन उभी राहिली आणि आवाज काढला. मोठा, लांब. मंदा वळली. सुजा गप्प, तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा तोच आवाज, जरा हळू.
मंदा मला विचारते, "हाक मारली का हो तिनं मला?"

कपड्यांची बादली रिकामी झाली. मंदा तरी सुजाकडे मुद्दाम पाठ करून उभी आहे, पुन्हा आवाज येतो का बघत.