अडुसष्ट सालचं दुःख

शनिवार, ५ फेब्रुवारी २०००. शिरड शहापूर

शिला आज सकाळच्या गाडीने माहेरी गेली, हिंगोलीला. चार दिवसांत येईल. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, की या घरात सव्वा वर्षापासून सुतक चालू आहे, रोज सात वाजले की तुमचं ते रडगाणं, मी न्हाई आता राहून राहिले. बॅगेत हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे, दोन्ही कपडे भरले. चार दिवसांना जास्त होतात, पण बायकांना पॅकिंग जमत नाही.

रडगाणं म्हणजे माझ्या सात एलपी रेकॉर्डी. १९६७ ते ६९. रॉक आणि फोक, अस्सल इंग्लंड-अमेरिकेचा माल. बी.एड.ला असताना हैदराबादच्या जुन्या बाजारात प्लेअरसकट घेतल्या. उभ्या मराठवाड्यात असा संग्रह दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही. कितीतरी वर्षं पेटीत पडून होत्या. रोज लावायला लागलो ते डिसेंबर ९८ पासून. लेकरू नऊ दिवसांचं होऊन गेलं, तेव्हापासून. त्याबद्दल इथे लिहायचं कारण नाही.

रविवार, ६ फेब्रुवारी. पहाटे (साडेसात)

आजपासून शिस्त. पाचला उठणे. स्वयंपाक स्वतः. ग्रंथाची रोज दोन पानं. शिलाला आपण होऊन फोन करायचा नाही, तिचीच तिला चूक कळू द्यायची.

खिचडी करपली. गॅस मोठा होता.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

ग्रंथाचं नाव ठरलं: ‘अडुसष्ट सालचं दुःख’. सिद्धान्त असा, की त्या काळची तरुण पिढी आतून पार खचलेली होती. पुरावा रेकॉर्डीत आहे. एका कव्हरवर जे चार दाढीवाले आहेत त्यांचा ड्रम ऐकावा. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. दुसऱ्या कव्हरवरचा जाकीटवाला गातो तो विहिरीच्या तळातून. आणि ती फोकवाली बाई! फोटोत वीस वर्षांची काडीसारखी पोरगी, आवाज म्हाताऱ्या बाप्याचा. दुःखाने माणसाचा आवाज कुठल्या कुठे जातो! मी इंग्रजीचा शिक्षक असून मला त्यातला एक शब्द कळत नाही. काळजातलं आहे, ते शब्दांत कसं कळणार.

एक गोष्ट खटकली. कव्हरवर गाण्याची लांबी दोन मिनिटं चाळीस सेकंद दिली आहे. माझ्या घड्याळात पावणेचार भरली. कव्हर छापणाऱ्यांचा निष्काळजीपणा. तळटीप द्यावी.

आजची पानं: अर्धं.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी संतराम आला होता. आमच्या शाळेत सायन्सला आहे. चहा मलाच करावा लागला. ऐकता ऐकता त्याने खिशातून खडू काढला, रेकॉर्डच्या मधल्या कागदावर खूण केली आणि घड्याळ धरून एक मिनिट फेरे मोजले. म्हणाला, तेहतीस पाहिजेत सर, चोवीसच होऊन राहिले. मग वर बल्बकडे बोट दाखवलं. बल्ब लाल जळत होता, तो संध्याकाळी रोजच तसा जळतो. आपल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांच्या शेतातल्या मोटारी आहेत, सातच्या सुमाराला व्होल्टेज बसतं आणि तुमच्या प्लेअरला दम लागतो, असं त्याचं म्हणणं. स्टॅबिलायझर लावून बघा म्हणाला.

मी त्याला शांतपणे सांगितलं, की अभिजात संगीत फेरे मोजून ऐकत नसतात. खडू पुसायला लावला. सायन्सवाल्यांशी मैत्री कमी करावी.

शिला गेल्याला सहा दिवस झाले. यात्रा-बित्रा असेल तिकडे.

बुधवार, १६ फेब्रुवारी

एसटीडीवरून फोन केला. आपण होऊन नाही, शाळेच्या कामासाठी बूथवर गेलोच होतो. शिलाने विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, उत्तम. मग म्हणाली, सातला अजून ते लावता का. मी व्हय म्हटलं. मागे दोन माणसं ताटकळत उभी होती म्हणून मी फोन ठेवला.

नवा प्लॅन. शिलाचा गैरसमज अज्ञानातून आहे. तिला आजवर कोणी या संगीताची पार्श्वभूमी नीट समजावून दिली नाही. रविवारी प्लेअर आणि रेकॉर्डी घेऊन हिंगोलीला जायचं, सासुरवाडीत प्रात्यक्षिकासह व्याख्यान द्यायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. संध्याकाळच्या गाडीने दोघं परत.

(२० तारखेला पाहुण्यांकडे लग्न, सबब रविवार २७.)

रविवार, २७ फेब्रुवारी. रात्री परत आल्यावर

लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

औंढ्याला गाडी बदलताना प्लेअर मांडीवर घेऊन उभा राहिलो— म्हणजे बसायला मिळालं तेव्हा मांडीवर, आधी डोक्यावर. सासूबाईंनी, अनुसयाबाईंनी, पुरणाचा घाट घातला होता. गल्लीतल्या पाच-सहा बायाही बोलावल्या होत्या. मेहुणा रामप्रसाद मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून घरी थांबला. मी वीस मिनिटं प्रस्तावना केली. खचलेली पिढी, युद्ध, एकटेपणा, सगळं. शिला दारात उभी, पदर खांद्यावरून घेऊन. जरा वाळलेली वाटली.

मग दाढीवाले लावले.

काय सांगावं! वरातीत बँड सुटावा तसे सुटले. ड्रम धडाधडा, गिटारी एकमेकींच्या मागे पळून राहिल्या, चौघं मिळून ओरडून राहिले, आणि ते ओरडणं खुशीचं. अनुसयाबाईंनी मांडीवर ताल धरला आणि विचारलं, जावईबापू, काहून बाप्पा, हे तर लग्नातलं वाटून राहिलं, मयतीचं कोणतं आहे त्ये लावा ना. मी घाईघाईने बाई लावली. तर खरंच वीस वर्षांची पोरगी! स्वच्छ, कोवळा आवाज. शब्द न् शब्द कळत होता. सकाळी उठून नदीवर जाते, पाय पाण्यात सोडून बसते. एवढंच. दुसरं काही नाही.

आणि शिला हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. सव्वा वर्षाने. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. असा राग आला की मी बटण बंद केलं.

शिला म्हणाली, बंद नका ना करू. मी सर्वांना सांगितलं, की हिंगोलीचं व्होल्टेज जास्त आहे, जिल्हा झाल्यापासून आणि कलेक्टर आल्यापासून इथे करंट फाजील सोडतात. रामप्रसादने उठून मीटर आणलं, बोर्डाला लावलं आणि म्हणाला, दाजी, दोनशे तीस, बराबर आहे. त्याला कोणी विचारलं होतं?

शिला दारापर्यंत आली. विचारलं, म्हणजे इतके दिवस आमी चुकीचंच ऐकलं व्हय? मी म्हटलं, गाडी जाईल. रेकॉर्डी घेतल्या आणि निघालो. प्लेअर तिथेच राहिला. पुरणपोळी पण राहिली.

सोमवार, २८ फेब्रुवारी

सीएल टाकली. डोकं दुखतं.

शांतपणे विचार केला. कालच्या प्रयोगाने सिद्धान्त खोटा ठरत नाही. गाणारा काय गायला हे महत्त्वाचं नाही, ऐकणारा काय ऐकतो ते महत्त्वाचं. हे नवीन प्रकरण म्हणून घेता येईल. ग्रंथाची एकूण पानं अकरा. पैकी आठ रद्द.

शुक्रवार, ३ मार्च

रामप्रसाद मोटरसायकलवर आला. रेकॉर्डी मागायला! म्हणे गल्लीतल्या बाया दुपारच्या येतात, प्लेअर आहे, वाजवायला काही नाही, ताईने मागितल्या. ताई कशी आहे विचारलं. म्हणाला, ताई जेवून राहिली आता, बाहेर निघते, त्या नदीवालीचं गाणं बिनशब्दाचं गुणगुणते दिवसभर. मग हेल्मेटशी चाळा करत म्हणाला, दाजी, तुमी आले तरी चालते, आईने सांगितलं.

आले तरी चालते! अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांचा वर्गशिक्षक आहे मी. त्याला सांगितलं, की या रेकॉर्डी संशोधनाचं साहित्य आहे, बाहेर जात नाहीत. तो जायला निघाला तेव्हा बाईची दिली. कव्हर फाटत आलं आहे, जपा म्हटलं.

शनिवार, ४ मार्च

उद्या हिंगोलीला जायचं ठरवलं होतं, ते आजच जावं असं वाटलं. पण आज महाशिवरात्र. सगळ्या गाड्या औंढ्याच्या जत्रेच्या, पाय ठेवायला जागा नाही. स्टँडवर अर्धा तास उभा राहिलो, दोन गाड्यांत जागा होती, पण कोपऱ्यातली.

उद्या पेपर तपासायचेत.

रविवार, १२ मार्च

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. उरलेल्या सहा रेकॉर्डी पिशवीत. गाडीत बोलायचं पाठ केलं. शिला, झालं गेलं सोड, मी स्टॅबिलायझर आणतो, तू चल. फार लांबवायचं नाही.

अडीचला गल्लीत पोचलो. दार लोटलेलं होतं आणि आत ती पोरगी गात होती, बराबर वेगात. तिच्या बरोबरीने शिला. शिलाला इंग्रजी येत नाही, नुसता सूर. तो सूर मला माहीत आहे. डिसेंबरात नऊ दिवस ती मांडीवर घेऊन असंच करायची, बिनशब्दाचं. त्यानंतर आज ऐकलं.

दारात उभा राहिलो. हाक मारली असती तर गाणं थांबलं असतं. मधे कशाला बोला. पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि स्टँडवर आलो. साडेतीनची गाडी मिळाली. बसायला जागा पण मिळाली.

घरी आलो. संध्याकाळी आज बल्ब पांढरा स्वच्छ जळत होता, रविवारच्या मोटारी बंद असतील. सात वाजले. लावायला काही नव्हतं.

खरं म्हणजे अडुसष्टचं मला काही माहीत नाही. तेव्हा मी तांड्यावर दोन वर्षांचा होतो. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की शिला माझ्याजवळ येऊन बसायची आणि लेकराचं बोलायला लागायची. सात वाजता. म्हणून मी सातला प्लेअर लावायचो. जितकं संथ आणि मोठ्याने वाजेल तितकं बरं. मला तिचं ते बोलणं ऐकवत नव्हतं.

एकच गोष्ट सांगायची ती नेहमी, पुन्हा पुन्हा, आणि मी काही कळलंच नाही असं करून रेकॉर्ड पलटायचो. म्हणायची, त्याचे कान तुमच्यावर गेले होते.

गेले होते.